अंगठीखालची जागा

मनुष्यजातीचा सगळा इतिहास हा न धुतलेल्या हातांचा इतिहास आहे. राज्यं बुडाली, घराणी संपली, भली माणसं अवेळी गेली. प्रत्येक वेळी खणत खणत तळाशी गेलं की कुणाचा तरी ओशट पंजा हाती लागतो, असं त्याचं ठाम मत होतं. हे मत तो लग्नांत, वाढदिवसांना आणि दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमध्ये ऐकवत आला होता. शेवटच्या ठिकाणी श्रोते पळून जाऊ शकत नसल्यामुळे तिथं ते विशेष रंगायचं. आज तर त्याला जन्मभर शोधत असलेला श्रोता सापडला होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागाचं काचेचं दार, दारापाशी मोठं स्टीलचं बेसिन, आणि बेसिनपाशी पहाऱ्यावर असल्यासारखी उभी राहिलेली मुख्य सिस्टर. त्याने घसा साफ केला. "सिस्टर, एक सांगतो," तो म्हणाला.

"आधी अंगठी काढा," सिस्टर म्हणाली.

त्याने बोटाकडे पाहिलं. अंगठी आहे हे तो विसरूनच गेला होता. आपल्याला कोपर आहे हे जसं कुठं आपटेपर्यंत आठवत नाही, तसं. घड्याळ त्याने स्वतःहून उतरवलं होतं, बाह्या कोपराच्या वर दुमडल्या होत्या, नखं कालच कापली होती, आणि हे सगळं कुणी न सांगता केल्याबद्दल कौतुकाचा एखादा शब्द येईल म्हणून तो जरासा थांबलाही होता. त्याऐवजी हे. "ती निघत नाही," तो म्हणाला. "मग आजोबा आत जात नाहीत," सिस्टर म्हणाली, तेही अगदी गोड आवाजात, तिसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं. आजोबा. हा शब्द त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी लावला होता आणि तोही हाकलण्यासाठी. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तिथं जाण्याची वाट चांगली मळलेली होती, तिला वेळ लागत नसे.

पण भांडायचं नव्हतं. लेकीने तसं वदवून घेतलं होतं. ती वरच्या मजल्यावर तापाने फणफणत पडली होती. कालपर्यंत तीच रोज खाली येऊन बाळाला छातीशी घेऊन बसायची, आणि आता ताप उतरेपर्यंत तिला या दारातून आत येता येणार नव्हतं. पिळून काढलेलं दूध तेवढं छोट्या बाटलीतून खाली येत होतं. जावई तिची जागा घ्यायला सकाळी आला, बाह्या दुमडल्या, आणि बेसिनपाशी शिंकला. एकदाच शिंकला. सिस्टरने त्याला इतक्या मायेनं बाहेर काढलं की तो जाताना थँक्यू म्हणाला. मग उरला तो. "बाबा," लेक म्हणाली होती, डोळे मिटूनच, "दोन महिने आधी आलंय ते. त्याच्या अंगात लढायला काही नाही अजून. डॉक्टर म्हणतात, उघड्या छातीवर घेऊन बसलं की त्याला ऊब राहते, आणि घरच्या माणसाच्या अंगावरचे साधे जंतू त्याच्या अंगावर वस्तीला येतात, म्हणजे हॉस्पिटलमधल्या वाईट जंतूंना जागा राहत नाही. परवा त्याला एकदा संसर्गाचा झटका येऊन गेलाय. आणखी एक झेपायचा नाही. तुम्ही फक्त आत जा. कुणाला काही शिकवू नका." तो म्हणाला, "मी कशाला शिकवतोय?" तिने एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि परत मिटला. हा डोळा तिने आईकडून घेतला होता.

भाचेमंडळी त्याला साबणमामा म्हणत. पाठीमागे म्हणत असत, मग धाकट्याने एकदा तोंडावर म्हटलं आणि मग तेच नाव पडलं. त्याच्या घरी जाणाऱ्या माणसाला आधी बेसिनपाशी नेण्यात येई. तळव्यावर तळवा, बोटांच्या बेचक्या, अंगठा वेगळा, नखं तळव्यात घासून; तो शेजारी उभा राहून बघे, आणि पाहुणा त्यात नापास झाला तर परत घासायला लावी. लोक त्याच्याकडे यायचे कमी झाले. जे येत ते दारातूनच दोन्ही हात वर करून आत शिरत, शरण आल्यासारखे, आणि हसत. तो हसत नसे. नोकरीत तो लिफ्ट तपासनीस होता, आणि हसत हसत आत शिरणाऱ्या सातव्या माणसाला त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. सहा जणांसाठी, असं डोक्याएवढ्या अक्षरात लिहिलेलं असताना सातवा आत येतो, पोट आत ओढतो, आणि म्हणतो, एवढ्यानं काय होतंय. लिफ्ट पडते तेव्हा लोक म्हणतात दोर तुटला. दोर असा तुटत नाही. दोराची एक तार तुटलेली असते, ती कुणीतरी पाहिलेली असते, आणि पाहून तो हेच वाक्य म्हणालेला असतो. जगातल्या सगळ्या भाषणांपेक्षा या तीन शब्दांनी जास्त माणसं मारली आहेत. त्याच्या बायकोला त्यांनीच मारलं.

तिच्या पित्ताशयात खडे होते. साधं ऑपरेशन. ती स्वतः बाहीला सफरचंद पुसून खाणारी बाई, बाहेरून आली की हात न धुता थेट भांड्यातलं चाखून बघणारी, आणि त्याने काही म्हटलं तर "मी तुला पोचवून मग येणार आहे" असं सांगणारी. ऑपरेशननंतर तिसऱ्या की चौथ्या सकाळी मोठे सर्जन फेरीला आले. शेजारच्या खाटेवरच्या बाईची पट्टी त्यांनी दोन बोटांनी उचलून बघितली, "छान छान" म्हणाले, आणि वळून तीच दोन बोटं तिच्या पट्टीखाली घातली. बोटात हिरव्या खड्याची अंगठी होती. खड्याभोवती नक्षी होती आणि नक्षीत काळं काहीतरी बसलेलं होतं. ते त्याला अजून दिसतं, डोळे मिटले की नक्षीसकट दिसतं. "डॉक्टरसाहेब, हात," तो म्हणाला होता. सर्जन रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, रागाला धरून काही करता येतं. ते हसले, तोच हात त्याच्या खांद्यावर ठेवून थोपटलं, आणि म्हणाले, "काका, एवढ्यानं काय होतंय." पुढच्या आठवड्यात ती गेली. तापात बडबडत, त्याला ओळखत नसल्यासारखी त्याच्या हाताकडे बघत. ऑपरेशन उत्तम झालं, हे सर्जन तिच्या मृत्यूनंतरही सांगत राहिले. जणू काही तीच ऑपरेशनला कमी पडली. खांद्यावर हात ठेवलेला तो शर्ट त्याने जाळला. शर्ट नवीन होता, तिने आणलेला, आणि जाळताना त्याला वाटलं होतं की तिने पाहिलं असतं तर केवढी कटकट केली असती.

"साबण लावून बघा," सिस्टर म्हणाली. त्याने साबण लावला. बोटाचं पेर एव्हाना गाठीसारखं झालं होतं आणि अंगठी त्याच्या अलीकडे, खड्ड्यात बसल्यासारखी बसली होती. मुळात ती घट्टच होती. तिनेच मुद्दाम घट्ट घेतली होती. सोनार म्हणाला, एक माप वाढवून देतो, तर ती म्हणाली, नको, सैल वस्तू आमच्याकडे टिकत नाहीत. घालताना त्याचं बोट लाल झालं होतं आणि ती सगळ्यांदेखत खिदळली होती. सिस्टरने दोरा आणला, बोटाभोवती गच्च गुंडाळून ओढून पाहिला. बोट जांभळं झालं, अंगठी फिरली, सरकली नाही. मागे एक आई हात धुवायला थांबली होती, विस्कटलेल्या केसांची; तिचा चेहरा असा होता की तिला मोठ्याने श्वास घ्यायचीही भीती वाटत असावी. आतल्या बाळांच्या काचेच्या पेट्यांपैकी कुठल्यातरी एकीत तिचंही काहीतरी होतं. तो बाजूला झाला. तिने हात धुतले, कोपराने नळ बंद केला, आणि हात छातीसमोर धरून, हवेलाही धक्का लागू नये असं चालत ती आत गेली. तिला कुणी अडवलं नाही. त्याचा संताप आता नेमका कुणावर आहे हे ठरवायला त्याला जरा वेळ लागला, आणि त्याला ते आवडलं नाही, कारण राग कुणावर आहे हे त्याला कायम ठाऊक असे.

"सिस्टर," तो आवाज दाबून म्हणाला, "मी या विषयात वीस माणसांना शहाणं केलंय. तुम्ही अर्धा मिनिट घासायला सांगाल, मी दोन मिनिटं घासतो. माझ्या घरी येऊन बघा. आणि तुमचंच म्हणणं आहे ना, घरच्यांचे जंतू चालतात म्हणून?"

"छातीवरचे चालतात. अंगठीखालचे नाहीत."

"अहो, पण ही साधी अंगठी. खडा नाही, नक्षी नाही, काही नाही. एवढ्यानं काय होतंय."

बोलून झालं. सिस्टरने हे वाक्य इतक्या वेळा ऐकलेलं असणार की तिच्या कानांना ते लागतही नसेल. पण त्याला ते ऐकू आलं. आपल्याच तोंडातून, आपल्याच आवाजात, तेही तसंच आलं, किंचित हसऱ्या सुरात. आणि खांद्यावर कुणीतरी हात ठेवल्यासारखं त्याला झालं. त्याने खांदा झटकला. मागचा वॉर्डबॉय दचकला. आता इथून निघून जावं, खाली रस्त्यावर जाऊन कुणाशीही भांडावं, सिग्नल तोडणाऱ्याशी, थुंकणाऱ्याशी, लायकीच्या माणसाशी, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात विभागाचे मोठे डॉक्टर आले. उंच, पांढऱ्या भुवयांचे, मागे तीन शिकाऊ डॉक्टरांची शेपटी. ते बेसिनपाशी थांबले, हात धुतले, नीट धुतले, हे त्यालाही मान्य करावं लागलं. आणि मग दारातून आत शिरता शिरता त्यांनी नाकावरून घसरणारा चष्मा बोटाने वर सारला. "डॉक्टर," सिस्टर म्हणाली. बस्स, एवढंच. मोठे डॉक्टर थांबले, स्वतःच्या बोटाकडे बघितलं, "हो की," म्हणाले, आणि वळून परत बेसिनपाशी आले. शेपटीही वळली. पुन्हा तळवे, पुन्हा बेचक्या, पुन्हा अंगठा. कुणी हसलं नाही, कुणी ओशाळलं नाही, कुणी "मी कोण आहे माहीत आहे का" म्हटलं नाही. पावसात छत्री उघडावी इतकं ते साधं होतं. मग सगळे आत गेले.

त्याला बरं वाटायला हवं होतं. त्याने आयुष्यभर नेमकं हेच मागितलं होतं. पण त्याने भिंत धरली. म्हणजे हे होतं. हे इतकं सोपं होतं. एक बेसिन, आणि बेसिनपाशी एक बाई, जी "डॉक्टर" म्हणेल, आणि एक डॉक्टर, जो "हो की" म्हणेल. याला काही शोध लागायचा राहिला नव्हता, कुठलं यंत्र यायचं राहिलं नव्हतं. ती गेली हे नशीब होतं, वय होतं, शरीराने साथ दिली नाही, वर गेल्यावर सगळं कळतं, असलं जे जे काही त्याला आलेल्या-गेलेल्याने सांगितलं होतं आणि त्यातलं थोडं त्याने रात्री झोप यावी म्हणून मानलंही होतं, ते सगळं या बाईने एका शब्दात पुसून टाकलं. तेव्हा ही कुठे होती? त्या वॉर्डात ही का नव्हती? तिथेही सिस्टर होत्या, चांगल्या होत्या, सर्जनच्या मागे हात बांधून उभ्या होत्या आणि हिरव्या खड्याकडे बघत होत्या. रडू आलं असतं तर चाललं असतं, पण त्याला रडू येत नसे; ते बाहेर येता येता त्याचं भांडण व्हायचं. "इथे अंगठी कापायची सोय आहे का?" त्याने विचारलं, दम दिल्यासारखं.

होती. खालच्या मजल्यावर, अपघात विभागात. तिथला माणूस गोल चेहऱ्याचा, तोंडात काहीतरी चघळत असलेला, एक छोटी चाकाची करवत घेऊन बसला होता. त्याने अंगठीखाली पत्र्याची जीभ सरकवली आणि किल्ली पिरगळत करवत फिरवायला लागला.

"काय, घटस्फोट का?" त्याने आपुलकीने विचारलं.

"बायको गेली."

"कुणाबरोबर?"

त्याने त्या माणसाकडे पाहिलं. वर्षानुवर्षांत त्याला इतका चांगला विनोद कुणी ऐकवला नव्हता, आणि तो ऐकून टाळ्या पिटून हसणारं जे एकच माणूस होतं ते हसायला नव्हतं. "सर्जनबरोबर," तो म्हणाला. गोल चेहऱ्याचा माणूस "अरेरे" म्हणाला आणि मान हलवत करवत फिरवत राहिला, त्याच्या ओळखीत असलं काहीतरी घडलेलं असावं. सोनं कापताना आवाज होत नाही, नुसतं बोट गरम होतं. मग टक्क झालं. पक्कड लावून त्याने दोन्ही टोकं फाकवली आणि अंगठी निघाली.

खाली बोटाला एक पांढरं कडं पडलं होतं, बाळाच्या कातडीसारखं मऊ, सुरकुतलेलं, इतकी वर्षं उजेड न पाहिलेलं. आणि त्यावर एक करडा, मेणचट थर होता. त्याने नखाने खरवडला. वास घेतला. साबण होता. रोज, दहादा, दोन-दोन मिनिटं, वीस माणसांना शहाणं करत तो जो साबण लावत आला होता तो सगळा तिथं जाऊन बसला होता, आणि त्यात जे काही बसायचं ते बसलं होतं. ज्या हाताने तो जगाला नापास करत होता त्याच हातावर. आता तरी हसावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. "निघेल हो," गोल चेहऱ्याचा माणूस म्हणाला, "एवढ्यानं काय..." "बोलू नका," तो म्हणाला. फाकलेली अंगठी त्याने शर्टाच्या खिशात टाकली. उघड्या तोंडाची ती अंगठी काहीतरी बोलता बोलता थांबल्यासारखी दिसत होती.

परत वर. शर्ट खुंटीला, अंगात पुढून उघडणारा गाऊन, डोक्याला टोपी. सिस्टरने बोट हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिलं आणि एक मऊ ब्रश दिला. त्याने धुतलं. पांढरं कडं चुरचुरलं. तळवे, बेचक्या, अंगठे, नखं, मनगटं, कोपरापर्यंत. आयुष्यातली ही परीक्षा आहे हे माहीत असल्यासारखं त्याने धुतलं, आणि शेवटी, स्वतःवर प्रसन्न होऊन, हाताने नळ बंद केला.

"पुन्हा," सिस्टर म्हणाली.

कोपराने बंद करायचा दांडा त्याच्या नाकासमोर होता. घरी असा दांडा नव्हता. म्हणजे घरी तो इतकी वर्षं हात स्वच्छ करून, मळक्या हाताने उघडलेला नळ त्याच स्वच्छ हाताने बंद करत आला होता, आणि ते वीस जणही. आता रागवायलाही काही शिल्लक राहिलं नाही असं वाटून तो घाबरला. पण शिल्लक होतं. त्याने पुन्हा धुतलं.

आत गरम होतं आणि शांत होतं. पेट्यांच्या रांगा, प्रत्येकीवर ठोक्यांचे हिरवे आकडे. खिडकीकडची एक पेटी रिकामी होती, पुसून लख्ख केलेली. विस्कटलेल्या केसांची आई तिच्या शेजारच्या पेटीत हात घालून बसली होती आणि रिकाम्या पेटीकडे चुकूनही बघत नव्हती. "हे कुठे गेलं?" त्याने विचारलं. सिस्टरने फक्त त्याची खुर्ची मागे रेलती केली. "बसा," ती म्हणाली. "आज तरी हे विचारू नका."

मग तिने त्याचं बाळ आणलं. त्याचं म्हणजे लेकीचं. ते बाळासारखं दिसत नव्हतं. एखाद्या फार म्हाताऱ्या, फार चिडलेल्या माणसाला कुणीतरी आटवून मूठभर केलं होतं. कपाळाला आठ्या होत्या. नाकात नळी, पायाला तार, आणि हाताची मूठ इतकी घट्ट की तिच्यात त्याच्या बोटाचं नखही मावलं नसतं. घराण्यातलं आहे, त्याने ओळखलं. सिस्टरने ते त्याच्या उघड्या छातीवर, पांढऱ्या केसांत, पालथं ठेवलं. वजन लागलंच नाही. नुसतं ओलसर, गरम काहीतरी, आणि त्याच्या आत टाचणीएवढं टिकटिक. "एक हात पाठीवर, एक डोक्यावर," ती म्हणाली. "हलवायचे नाहीत. चेहऱ्याला लावायचे नाहीत. लावले तर पुन्हा धुवायला जावं लागेल आणि त्याला परत पेटीत ठेवावं लागेल. आणि आजोबा, राग आलेला असेल तर तो बाहेर ठेवा. तुमचे ठोके त्याला ऐकू येतात."

बाहेर ठेवा म्हणे. शर्टाच्या खिशात ठेवायची वस्तू का आहे ती? या रागावर तो इतकी वर्षं जगला होता. सकाळी रागानेच त्याला उठवलं होतं, रात्री तोच शेजारी झोपला होता. हा काढला तर खाली कसली पांढरी, सुरकुतलेली जागा निघेल कोण जाणे. त्याने हळूहळू श्वास घेतला. बाळाने आठी घातली, काढली, पुन्हा घातली. आणि राग गेला नाही, पण छातीवरचं ते मूठभर झोपेपर्यंत तो दाराशी थांबायला तयार असल्यासारखा वाटला. तो दाराशी थांबला की किती सभ्य दिसत होता. त्याच्या मनात एक भाषण जुळून यायला लागलं, आजवरचं सगळ्यात मोठं. त्या सर्जनला, हात बांधून उभ्या राहिलेल्यांना, सातव्या माणसाला, लिफ्टच्या दोराला, त्याला स्वतःला. त्या रिकाम्या पेटीबद्दल, ज्यात कुणाचं तरी असंच चिडकं म्हातारं परवापर्यंत होतं. की ही माणसं आजारानं मरत नाहीत, संकोचानं मरतात, एका बाईने एक शब्द न बोलल्यानं मरतात, आणि मी तुम्हाला कुणालाही सोडणार नाही, हे पोर इथून घरी जाईल, मोठं होईल, आणि प्रत्येक दारात उभं राहून तुमच्या हातांकडे बघेल. वाक्यामागून वाक्य येत होतं, एकही वाया जाणारं नव्हतं. हिरवे आकडे स्थिर होते. बाळाची मूठ किंचित सैल झाली होती. याच क्षणी हे सांगितलं पाहिजे, नाहीतर कधीच नाही.

"सिस्टर," तो कुजबुजला.

ती लगबगीने आली, आधी आकड्यांकडे बघितलं, मग बाळाकडे, मग त्याच्याकडे. त्याचे डोळे भरले होते आणि चेहरा वेडावाकडा झाला होता. "काय झालं आजोबा?"

"मघाशी एक सांगतो म्हणालो होतो."

"सांगा ना."

त्याने दोन्ही हात होते तिथेच, बाळावर ठेवले. "नाकावर," तो म्हणाला, "डाव्या बाजूला. जरा खाजवता का?"